लोखंडातला पेन

पेरसा पेन, म्हणजे गोंडांच्या कुळाचा देव, पाहायला मिळाला तरी डोळ्यांत भरावे असे त्यात फार काही नसते. बांबूच्या दांडीत बसवायचे लोखंडी भाल्याचे पाते, पांढऱ्या केसांची चवरी, घंटा, घुंगरे आणि हे सगळे गुंडाळून ठेवायला एक कापड. डोळे नाहीत, हात नाहीत, मुखवटा नाही. वर्षाचे बहुतेक दिवस हा ऐवज गावाबाहेर, झाडावर किंवा पेनठाण्यात झाकून ठेवलेला असतो. पूजेचा दिवस आला की कटोडा, म्हणजे कुळाचा पुजारी, तो उतरवतो, नदीच्या पाण्याने धुतो, पात्याला दांडी लावतो, चवरी बांधतो. परधान, म्हणजे कुळाचा गायक, किंगरी हे तंतुवाद्य जुळवून कुळाची कथा सुरू करतो. आणि मग पेन येतो.

हे ‘येणे’ महत्त्वाचे आहे. पंढरपुरात विठ्ठल विटेवर उभाच असतो, भक्त त्याच्याकडे जातो. पेन तसा कायमचा एका जागी उभा नसतो. त्याला बोलवावे लागते, वाट करून द्यावी लागते, उतरायला काहीतरी लागते. ते काहीतरी कधी लोखंड असते, कधी लाकूड, कधी माणसाचे अंग. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या उतरण्याच्या जागा कशा बदलत गेल्या, कुणी त्या लिहून ठेवल्या, कुणी त्यांच्यावर हक्क सांगितला, त्याचा हा मागोवा. त्यात लोखंड वारंवार भेटते, आणि माझ्या मते ते उगाच भेटत नाही.

अशा येणाऱ्या-जाणाऱ्या दैवतांचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, प्वेब्लो लोकांकडे आहे. ऍरिझोनातल्या होपींचे कत्सिना वर्षातला सहाएक महिन्यांचा काळ गावात असतात, हिवाळ्यापासून जुलैपर्यंत. मग निमान नावाच्या विधीने त्यांना निरोप दिला जातो आणि ते सॅन फ्रान्सिस्को पीक्स या डोंगरावर परततात. गावात ते नाचणाऱ्या पुरुषांच्या रूपाने येतात. ज्याने मुखवटा चढवला तो तेवढ्या वेळेपुरता कत्सिनाच असतो. ते पाऊस आणतात, आणि मेलेली माणसे ढग होऊन त्यांच्यात सामील होतात अशी श्रद्धा आहे. स्पॅनिश धर्मगुरूंना हे सहन झाले नाही. १६६१ मध्ये त्यांनी सुमारे १,६०० मुखवटे जप्त करून जाळल्याची नोंद आहे. १६८० साली प्वेब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिशांना बारा वर्षे मुलखाबाहेर ठेवले, त्यामागे या जळालेल्या मुखवट्यांचाही राग होता.

गोंडांकडे मुखवटा नाही, पण बाकीचा विचार ओळखीचा आहे. माणूस मरतो तेव्हा त्याचा सनाल, म्हणजे गेलेल्याचे अस्तित्व, वाऱ्यावर सोडून द्यायचे नसते. योग्य विधी करून त्याला कुळाच्या पेनात मिळवायचे असते. पेनाच्या पूजेला जमलेले कुळ म्हणजे जिवंत माणसे आणि त्यांच्या आधी गेलेली माणसे, दोन्ही. म्हणून त्या लोखंडी पात्याला ‘मूर्ती’ म्हटले की सगळेच निसटते. त्यात आजोबा असतात, पणजोबा असतात, आणि ज्यांची नावे आता फक्त परधानालाच पाठ आहेत तेही असतात.

या दैवताची उत्पत्ती लोखंडाच्याच नावाने सांगितली जाते. कथा अशी, की पहिले गोंड काचीकोपा लोहागडच्या गुहेत कोंडले गेले होते, दारावर प्रचंड शिळा होती, आणि गोंडांचा आद्य गुरू लिंगो याने त्यांना सोडवले. मग त्यानेच त्यांना कुळांत वाटले, लग्नाचे नियम घालून दिले आणि पेनाची पूजा लावून दिली. कुळांची ही वाटणी देवांच्या संख्येवर चालते: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. सारख्या देवांची कुळे आपसांत भाऊ, त्यांच्यात सोयरीक नाही. आजही चंद्रपूर जिल्ह्यात मुलगी पाहायला गेलेला पाहुणा आडनाव विचारतो तेव्हा त्याच्या मनात हा हिशेब चाललेला असतो. विद्यापीठातून पदव्या घेतलेली पोरेही तो मोडताना दहादा विचार करतात.

ही कथा कागदावर आणणारा पहिला माणूस नागपूरचा मिशनरी होता. स्टीफन हिस्लॉप, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा. त्याने ती एका परधानाच्या तोंडून गोंडीत उतरवून घेतली. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना तो नाल्याच्या पुरात बुडाला. त्याचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले. धर्म बदलायला आलेल्या माणसाने ज्यांचा धर्म बदलायचा त्यांचीच उत्पत्तिकथा जपली, आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला तिच्याकडे यावे लागले. मला खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हिस्लॉपचे नाव राहिले, त्याच्यासमोर बसून ज्याने ती सांगितली त्या परधानाला मात्र इतिहासात कुणी ओळखत नाही.

परधानाशिवाय पेनाची गोष्ट पुढे सरकतच नाही. गोंडांच्या घरी तो आश्रित म्हणून येतो, दान घेतो, आणि त्या घराची वंशावळ त्याच्याच डोक्यात असते. कथेतही त्याला मानाचे पान आहे. गोंडी साहित्यिकांनी पुढे मांडलेल्या रूपात गुहेची शिळा हलते ती लिंगोच्या बुद्धीने आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या सुरांनी. शिळा घरंगळते आणि हिरासुका तिच्याखाली चिरडून मरतो. कुळे बाहेर येतात, गाणारा आत राहतो. परधानांना आपल्या समाजाची जागा सांगायला याहून मोठी कथा लागत नाही.

आता राजांकडे पाहू. चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, गोंड राजे मोठे होते. त्यांनी चंद्रपूरचा परकोट बांधला, बल्लारपूरचा किल्ला बांधला. राणी हिराईने अठराव्या शतकाच्या आरंभी महाकालीचे देऊळ उभारले, पती बीरशहाची समाधी बांधली. हे सगळे दगडी वैभव आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्यात पेनाचे देऊळ नाही. राजघराणे महाकाली आणि अंचलेश्वरापुढे हात जोडत होते तेव्हाही कुळाचा पेन झाडावरच राहिला. १७५१ मध्ये राज्य भोसल्यांकडे गेले, १८५४ मध्ये इंग्रजांकडे. देवळांची व्यवस्था, इनामे, पुजारी यांची कागदोपत्री उलटापालट झाली. पेनाकडे इनाम नव्हते, त्यामुळे काढून घेण्यासारखेही काही नव्हते. मला वाटते, तो टिकण्याचे एक कारण हेच.

इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला वस्तूंच्या यादीत बसवले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात गोंडांच्या देवांची नोंद आहे ती अशी: फरसा पेन, घंगरा म्हणजे घंटा, चवर, पालो म्हणजे भाल्यावर पांघरायचे कापड, आणि साले. साजाच्या झाडावर, म्हणजे आपल्याकडच्या ऐनावर, हे देव ठेवतात असेही त्यात आहे. वाचताना असे वाटते की लेखकांसमोर एक गाठोडे सोडून ठेवले होते आणि त्यांनी त्यातल्या प्रत्येक नगाला वेगळा देव मानून क्रमांक दिला. कामाची नोंद आहे, आणि तरी या यादीत पेन कुठेच सापडत नाही, कारण तो या वस्तू एकत्र बांधल्यावर, कथा लागल्यावर, कुळ जमल्यावर येतो.

त्या पात्याचे लोखंड यायचे कुठून? दुरून आणायची गरज नव्हती. चांदा जिल्ह्यातली लोहारा गावाजवळची टेकडी खनिजाने भरलेली. या भागात मातीच्या लहान भट्ट्यांत, लाकडी कोळशावर, हाताने भाता चालवून लोखंड गाळले जात असे. एकोणिसाव्या शतकातल्या भूगर्भतज्ज्ञांनी या भट्ट्यांची वर्णने करून ठेवली आहेत. फाळ, कुऱ्हाड, बाण आणि पेनाचा भाला एकाच दगडातून निघत होता.

पुढे याच टेकडीवर वेगळ्या माणसांची नजर पडली. रिटर फॉन श्वार्त्झ या तज्ज्ञाने चांद्याच्या लोखंडावर आणि वरोऱ्याच्या कोळशावर अहवाल लिहिला. १८८२ मध्ये तो जमशेटजी टाटांच्या हाती पडला आणि पोलादाचा ध्यास तिथून लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड चांद्याच्या जंगलात बैलगाड्यांतून हिंडले. खनिज होते, त्याला साजेसा कोळसा जमेना. नागपूरच्या संग्रहालयातल्या एका नकाशाने दोराबजींना दुर्गकडे वळवले, तिथून वाट मयूरभंजला गेली आणि कारखाना साकचीला, आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. चांद्याचे डोंगर आणखी शंभर वर्षे तसेच राहिले.

मागोव्याचा सर्वांत देखणा भाग दक्षिणेला, राजुरा-जिवतीकडे आहे. हा मुलूख निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात आला, आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला. जिवतीतल्या काही गावांवर अजूनही महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. गोंडांची कुळे या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यांचे पेनही. म्हणूनच चंद्रपूरच्या गोंडांविषयीचा सर्वांत सखोल ग्रंथ हैदराबाद संस्थानात लिहिला गेला. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ, त्याचा ‘राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ १९४८ चा. १९४० मध्ये जोडेघाटला गोंड नेता कुमराम भीम आणि त्याचे साथी निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले होते, जंगल-जमिनीच्या हक्कांसाठी. त्यानंतर गोंड कशाने पेटले हे समजून घेण्यासाठी सरकारला हायमेनडॉर्फची गरज पडली. तो मारलावाईत राहिला, गोंडी शिकला आणि पेनाच्या पूजा शेवटपर्यंत बसून पाहिल्या. त्याच्या पानांत पेन प्रथमच एखाद्या घरातल्या वडीलधाऱ्यासारखा भेटतो: त्याला प्रवास आहे, रुसवा आहे, भाऊबंद आहेत.

आणि याच पट्ट्यात पेन माणसाच्या अंगावर येतो. दिवाळीच्या आधी दंडारी या नाचाचे जथे निघतात. गोंडांत आहेत, कोलामांतही आहेत. जथ्यात ढोल, डफ, पेपरे घेतलेले वादक असतात, मुलींचा वेष घेतलेले पोरगे असतात, आणि सर्वांच्या नजरा ज्याच्याकडे लागतात तो गुसाडी. डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप, दोन्ही बाजूंना शिंगे, मधे आरशांची झगमग. उघड्या अंगावर राखेचे पट्टे. खांद्यावर मृगाजिन किंवा बकऱ्याचे कातडे, गळ्यात कवड्या-मण्यांच्या माळा, कमरेला आणि पायांत घुंगरू, हातात सोटा. एकेक टोप करायला शेकडो पिसे लागतात. पिसे जंगलात गळलेली गोळा करायची असतात आणि टोप पिढ्यान् पिढ्या जपायचा असतो. चढवण्याआधी त्याची पूजा होते. ज्याने तो चढवला त्याने सण संपेपर्यंत अंघोळ करायची नाही. राख अंगावरच राहते.

तो नाचतो तेव्हा पाय आधी पाहावेत. वादकाच्या ठेक्याला तो लगेच उत्तर देत नाही. थबकतो, मान वळवतो, टोप एका बाजूला झुकतो, पिसांची एक लाट उठते आणि मग घुंगरू एकदम बोलतात. मुलांवर धावून जातो, बायकांना हसवतो, अचानक गंभीर होऊन कुणाच्या तरी अंगाला सोटा टेकवतो. आजारी माणसे त्या सोट्याच्या स्पर्शासाठी वाट पाहत बसलेली असतात. ओळखीचा शेजारी टोपाखाली आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. त्या दिवसांत तो दंडारीचे दैवत असलेल्या एत्मासूर पेनाचा माणूस. गावोगाव पाहुणचार घेत जथे फिरतात, एका गावचा दुसऱ्या गावी मुक्काम पडतो, सोयरिकी तिथेच जुळतात, आणि कोलाबोडीच्या विधीने दैवताला निरोप दिला जातो. होपींच्या निमानची आठवण मला इथेच झाली. दोन खंड, दोन भाषा, एकमेकांची कधी गाठ नाही, आणि तरी दैवताला पाहुण्यासारखे आणायचे नि पाहुण्यासारखेच पोचवायचे ही रीत दोन्हीकडे आहे.

मारलावाईच्या कनका राजूंना गुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये ते गेले. पुरस्काराचा आनंद आहेच. मात्र शहरांतल्या मंचांवर, पाहुण्यांच्या स्वागताला, पंधरा मिनिटांसाठी गुसाडी उभे केले जातात तेव्हा मला अस्वस्थ वाटते. व्रत नाही, राख नाही, निरोप नाही, फक्त पिसे आहेत.

पूर्वेकडे, बस्तरच्या सीमेवर, पेन लाकडात उतरतो. अंगा म्हणजे आडव्या लाकडांची बांधणी, मोरपिसांनी सजवलेली, माणसे खांद्यावर घेतात. तिला वाटेल तिकडे ती ओढते, वाहकांना तिच्यामागे धावावे लागते. ब्रिटिश अधिकारी ग्रिगसनने १९३८ च्या आपल्या माडिया गोंडांवरच्या पुस्तकात तिचे वर्णन केले आहे. भांडण, चोरी, आजार, सगळ्यांचा निकाल ती फिरून देते.

पेनाच्या आजच्या रूपाला नागपूरने आकार दिला. डॉ. मोतीराम कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करत होते आणि उरलेले सगळे आयुष्य त्यांनी गोंडी भाषा, कोश आणि धर्मविचारावर घातले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ या ग्रंथाने विखुरलेल्या कथांना एक सूत्र दिले. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा हीच ती कोंडवाड्याची गुहा, असे त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मांडले. माघ पौर्णिमेला तिथे आता अनेक राज्यांतून लाखोंनी लोक येतात, सप्तरंगी झेंडे घेऊन, ‘जय सेवा’ म्हणत. हायमेनडॉर्फच्या पानांत कुळागणिक वेगळा असलेला पेरसा पेन इथे फडापेन होतो: साऱ्या सृष्टीत भरलेली एकच शक्ती. काही अभ्यासकांना हा बदल खटकतो, हे नवे रचले आहे असे ते म्हणतात. मला तो आक्षेप पटत नाही. जनगणनेच्या तक्त्यात ज्यांच्या धर्माला स्वतःचा रकानाच नाही, त्यांनी आपला धर्म एका नावाखाली सांगायला सुरुवात केली, तर ते पेनाच्या जुन्या सवयीला धरूनच आहे. त्याला उतरायला जागा लागते. या वेळी ती छापील पुस्तकात मिळाली.

आणि मग लोखंड पुन्हा आले. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. वर ठाकूरदेवाचे ठाणे. दर जानेवारीत सूरजागड इलाक्यातली ७० गावे तिथे यात्रेला जमतात. ठाकूरदेवाबरोबर इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बाबूराव शेडमाकेंचीही पूजा होते, ज्यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. डोंगर उत्तम प्रतीच्या लोहखनिजाचा आहे. २००७ मध्ये ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्सला मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खाणीवरची अनेक वाहने जाळली, काम थांबले. २०२१ पासून ते मोठ्या प्रमाणावर चालू आहे. रोजगार आला आहे, रस्ते आले आहेत, लाल धुळीने माखलेले ट्रक दिवसरात्र धावतात. ठाकूरदेवाच्या यात्रेत गेली कित्येक वर्षे पूजेनंतर सभा होते आणि तिथे खाणीविरुद्ध ठराव घेतले जातात.

होपींवर हीच वेळ आली. कत्सिनांचे घर असलेल्या सॅन फ्रान्सिस्को पीक्सवर स्कीच्या खेळासाठी शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा कृत्रिम बर्फ पसरायचा होता. २००८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने त्याला वाट दिली. श्रद्धेच्या भावना दुखावणे म्हणजे धर्मपालनावर कायद्याला अभिप्रेत असलेला मोठा बोजा नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. पाच वर्षांनी, १२ एप्रिल २०१३ रोजी, पॅरिसमध्ये सत्तरएक होपी मुखवट्यांचा लिलाव झाला. होपींनी विनवणी केली, तिथल्या न्यायालयाने ती फेटाळली. त्यानंतर सहाच दिवसांनी, १८ एप्रिलला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीचा निकाल दिला. डोंगरिया कोंधांचा नियमराजा ज्या डोंगरावर आहे तिथे बॉक्साइटची खाण चालेल की नाही, हे सांगायला ग्रामसभांनाच विचारा, असे न्यायालय म्हणाले. बाराही ग्रामसभांनी नाही म्हटले.

नियमगिरीमागे जो कायदा उभा होता तो गडचिरोलीला चांगला परिचयाचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) आहे, २००९ पासून. या कायद्याच्या नियमांतला तेरावा नियम दाव्याचे पुरावे सांगतो. त्यात पवित्र झाडे आणि देवराया येतात. ज्या ऐनावर रसेलला देवांचे गाठोडे टांगलेले असल्याचे कळले, तो ऐन आता महसूल अधिकाऱ्यासमोर पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

त्याच नियमात आणखी दोन पुरावे आहेत. एक, जुन्या नोंदींतल्या रहिवाशांपर्यंत पोचणारी वंशावळ. दोन, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली जबानी. दोन्ही गोष्टी परधानाच्या पोटात शतकानुशतके आहेत: कोणते कूळ कुठून निघाले, कोणती नदी ओलांडली, पेन कुठे थांबला, कोणत्या झाडाखाली भाला प्रथम रोवला. त्याची ही कथा १८६६ मध्ये इंग्रजी ग्रंथालयासाठी छापली गेली. एटापल्ली आणि भामरागडच्या ग्रामसभांनी ती आता आपल्या दाव्याच्या फायलीला जोडावी, आधी गोंडीत आणि खाली मराठीत, सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि अंगठ्यानिशी.